महाविद्यालयीन संगणक-जाळ्यातील वाहतूक-नियंत्रण व सेवागुणवत्ता : व्यवस्थापनक्षम स्विचच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

महाविद्यालयांतील इंटरनेट जोडणीची क्षमता वाढली तरी 'नेट चालत नाही' ही तक्रार कमी झालेली नाही. या तक्रारीचे मूळ अनेकदा जोडणीच्या क्षमतेत नसून वाहतुकीच्या व्यवस्थापनात असते. व्यवस्थापनक्षम स्विचमध्ये उपलब्ध असलेल्या सेवागुणवत्ता आणि वाहतूक-नियंत्रण या दोन सुविधांचे कार्य, त्यामागील गणित आणि चुकीच्या मांडणीचे परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाचा आधार म्हणून लेखकाच्या महाविद्यालयात एका संगणकाधारित परीक्षेच्या दिवशी घडलेली घटना घेतली आहे.

बीजशब्द : व्यवस्थापनक्षम स्विच, सेवागुणवत्ता, वाहतूक-नियंत्रण, टोकन बादली, डीएससीपी, रांग

प्रस्तावना

आमचे महाविद्यालय तालुक्याच्या ठिकाणी आहे. इंटरनेटची जोडणी १०० एमबीपीएस क्षमतेची आहे. तीवर कार्यालय, ग्रंथालय, दोन संगणक प्रयोगशाळा, मुलींचे वसतिगृह आणि परिसरातील वाय-फाय असा सर्व भार आहे. 'एकाने सर्व बँडविड्थ ओढून घेऊ नये' या हेतूने प्रत्येक विभागास २० एमबीपीएसची मर्यादा घालावी, असा निर्णय संगणक समितीने घेतला. निर्णय समन्यायी दिसत होता. त्याची अंमलबजावणी प्रस्तुत लेखकाने मुख्य स्विचवर केली, चाचणी घेतली आणि चाचणी यशस्वी झाल्याची नोंदही केली.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका बाह्य संस्थेची संगणकाधारित परीक्षा आमच्या प्रयोगशाळेत झाली. साठ संगणक, साठ परीक्षार्थी. 'प्रारंभ' या बटणावर सर्वांनी एकाच वेळी कळ दाबली आणि निम्म्याहून अधिक पडदे पांढरेच राहिले. काहींना प्रश्न दिसले पण आकृत्या दिसल्या नाहीत. काहींची पाने पाच-सात सेकंदांनी उघडली आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. घड्याळ मात्र चालू होते. पर्यवेक्षकांनी मुलांना 'घाई करू नका, वारंवार क्लिक करू नका' असे बजावले. आम्ही सेवापुरवठादाराला दूरध्वनी केला. त्याने जोडणी सुरळीत असल्याचे सांगितले आणि ते खरे होते. मग आम्ही परीक्षा संस्थेच्या सर्व्हरवर संशय घेतला. तोही निराधार होता. दोष मी लिहिलेल्या आज्ञावलीतील एका ओळीत होता व तो शोधून काढण्यास चार दिवस लागले.

ही घटना येथे सांगण्याचे कारण असे की, ज्या ओळीमुळे हे घडले ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती, स्विचने ती विनातक्रार स्वीकारली होती आणि चाचणीतही ती उतरली होती. असे का व्हावे हे समजून घ्यावयाचे असेल तर काही मूलभूत संकल्पनांकडे वळणे आवश्यक आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापक-वाचकांनाही हा विषय उपरा वाटू नये, कारण महाविद्यालयाच्या संगणक समितीवर बहुधा त्यांचीच संख्या अधिक असते.

रांग कोठे लागते?

संगणक-जाळ्यात माहिती लहान लहान पॅकेटच्या रूपाने प्रवास करते. साधा स्विच आलेले पॅकेट योग्य दाराने बाहेर पाठवतो, इतकेच. व्यवस्थापनक्षम स्विच मात्र प्रत्येक पॅकेट कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखू शकतो, त्यावर खूण करू शकतो, वेगवेगळ्या रांगांत त्यास उभे करू शकतो आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडील पॅकेट टाकूनही देऊ शकतो. या सर्व क्रियांना मिळून सेवागुणवत्ता किंवा रूढ शब्दात क्यूओएस असे म्हटले जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सेवागुणवत्तेने क्षमता वाढत नाही. एकाला पुढे घेणे म्हणजे दुसऱ्याला मागे ठेवणे होय. पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते. त्यामुळे कोणाला किती थांबावे लागेल हे बदलते, गाभारा मोठा होत नाही. आणि आषाढीची गर्दी ओसरून मंदिर मोकळे असेल तर कोणती रांग धरली याला फारसा अर्थ उरत नाही. संगणक-जाळ्याचेही तसेच आहे. जेथे पॅकेट साठत नाहीत तेथे अग्रक्रम देऊन काहीही साध्य होत नाही.

म्हणून पहिला प्रश्न 'अग्रक्रम कोणाला?' हा नसून 'रांग कोठे लागते?' हा आहे. आमच्या परिसरातील स्विच परस्परांशी १ जीबीपीएस वेगाने जोडलेले आहेत आणि बाहेरची जोडणी १०० एमबीपीएस आहे. बाहेर जाणारी वाहतूक आमच्याच दाराशी अडते. तेथे रांग आमची आहे आणि तिचा क्रम ठरवणे आमच्या हाती आहे. आत येणारी वाहतूक मात्र सेवापुरवठादाराच्या उपकरणात अडते. ती आमच्या स्विचपर्यंत पोहोचते तेव्हा अरुंद वाट संपलेली असते आणि पुढे दहापट रुंद रस्ता असतो. आत येणाऱ्या वाहतुकीसाठी आमच्या स्विचमध्ये कितीही रांगा मांडल्या तरी त्या रिकाम्याच राहणार. महाविद्यालयात तर बहुतांश वाहतूक आत येणारीच असते. सेवागुणवत्तेवर खर्च करूनही फरक न पडल्याच्या ज्या कथा आपण ऐकतो, त्यांतील कित्येकांचे उत्तर येथे आहे असे लेखकास वाटते.

आत येणाऱ्या वाहतुकीवर आपले नियंत्रण अप्रत्यक्ष असते. काही पॅकेट आपण मुद्दाम टाकून दिली की पाठवणारा संगणक वेग कमी करतो. ही शिस्त टीसीपी या नियमावलीत अंगभूत आहे व तिला इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ या अवघ्या ४०० यार्ड अंतरावरील दोन ठिकाणांमधील वेग ३२ किलोबिट प्रतिसेकंदावरून ४० बिट प्रतिसेकंदावर घसरला होता. प्रत्येक संगणक हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहिल्याने जाळे जणू गोठले होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली मांडलेल्या उपायांनी पॅकेट हरवणे हा 'गर्दी झाली, हळू चला' असा संकेत मानण्याची रीत टीसीपीत रुजली. वाहतूक-नियंत्रण याच संकेताचा आधार घेते. पण संकेत देण्याची पद्धत चुकली तर पाठवणारा वेग कमी करण्याऐवजी ठेचकाळतो.

ओळख आणि खूण

नियंत्रणापूर्वी पॅकेट ओळखावे लागते. खूण करण्याच्या दोन जागा प्रचलित आहेत. एक इथरनेट फ्रेमच्या व्हीलॅन पट्टीतील ३ बिटांची. तीत ० ते ७ असे आठ स्तर मांडता येतात. दुसरी आयपी शीर्षकातील ६ बिटांची. तिला डीएससीपी म्हणतात व तीत ० ते ६३ अशी चौसष्ट मूल्ये असू शकतात. ही दुसरी व्यवस्था १९९८ साली आरएफसी २४७४ या दस्तऐवजाने निश्चित झाली. ध्वनिसंभाषणासाठी ४६ हे मूल्य वापरण्याचा प्रघात आहे, तर खूण नसलेल्या सर्वसाधारण वाहतुकीचे मूल्य ० असते.

खूण कोणी करावी, हा तांत्रिक वाटला तरी वस्तुतः विश्वासाचा प्रश्न आहे. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरील एखादा प्रोग्रॅम आपल्या प्रत्येक पॅकेटवर ४६ लिहू शकतो. हातात पास असलेला प्रत्येक जण निमंत्रित असतोच असे नाही. म्हणून विश्वासाची सीमा निश्चित करावी लागते. आयपी दूरध्वनी, सर्व्हर वा आपल्या ताब्यातील उपकरण ज्या दाराला जोडले आहे त्या दारावरील खुणा मानाव्यात. उर्वरित दारांवर आलेली खूण पुसून स्विचने स्वतः वर्गीकरण करावे.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० व ३५६० या मालिकांतील स्विचमध्ये सेवागुणवत्ता मुळात बंद असते आणि तोवर खुणा जशाच्या तशा पुढे जातात. 'एमएलएस क्यूओएस' ही एक आज्ञा दिली की ती सर्व दारांवर एकदम चालू होते आणि त्याच क्षणी सर्व दारे अविश्वासार्ह ठरून प्रत्येक पॅकेटवरील खूण ० होते. सुधारणेच्या हेतूने ही आज्ञा द्यावी आणि आजवर ठीक चाललेले दूरध्वनी खरखरू लागावेत, असा अनुभव त्यामुळे येऊ शकतो. त्याच कंपनीच्या कॅटॅलिस्ट ९००० मालिकेत ही आज्ञाच नाही आणि तेथे मूळ स्थितीत खुणांवर विश्वास ठेवला जातो. एका पिढीच्या यंत्रावरची टिपणे दुसऱ्या पिढीच्या यंत्रावर उतरवून काढणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी येईल.

सांडवा आणि साठवण

मर्यादेबाहेरील वाहतुकीचे काय करावयाचे याची दोन उत्तरे आहेत. जादा पॅकेट तत्क्षणी टाकून देणे हे पहिले. त्यास पोलिसिंग म्हणजेच येथे वाहतूक-नियंत्रण म्हटले आहे. जादा पॅकेट काही काळ साठवून ठरलेल्या गतीने सोडणे हे दुसरे. त्यास शेपिंग म्हणतात. पहिले धरणाच्या सांडव्यासारखे आहे, पातळी ओलांडली की पाणी वाया जाते. दुसरे शेततळ्यासारखे आहे, पाणी उशिरा मिळते पण मिळते. साठवणीला स्मृती लागते आणि विलंब वाढतो; सांडव्याला स्मृती लागत नाही, म्हणून स्वस्त स्विचमध्ये तोच अधिक आढळतो.

दोहोंच्या मुळाशी बादलीची कल्पना आहे. जोनाथन टर्नर यांनी १९८६ साली गळक्या बादलीचे रूपक मांडले. आज स्विचमध्ये सामान्यतः वापरली जाते ती तिची भगिनी, टोकन बादली. कल्पना करावी की एका बादलीत ठरलेल्या गतीने टोकन पडत आहेत. एक टोकन म्हणजे एक बाइट पाठवण्याची परवानगी. पॅकेट आले की त्याच्या आकाराइतकी टोकन बादलीतून काढली जातात व पॅकेट पुढे जाते. पुरेशी टोकन नसतील तर पॅकेट टाकले जाते आणि टोकन आहेत तशीच राहतात. बादली भरली की वर पडणारी टोकन वाया जातात. म्हणजे नियंत्रकाला दोन संख्या द्याव्या लागतात : टोकन पडण्याची गती आणि बादलीचे आकारमान. गती दीर्घ मुदतीची सरासरी ठरवते. आकारमान ठरवते ते एका दमात किती वाहतूक येऊ द्यावयाची हे.

समितीच्या ठरावात फक्त पहिली संख्या होती. दुसऱ्या संख्येची चर्चा करण्याचे कोणालाही सुचले नाही, मलाही नाही. मी लिहिलेली ओळ अशी होती : 'पोलीस २००००००० ८००० एक्सीड-ॲक्शन ड्रॉप'. पहिली संख्या बिट प्रतिसेकंद या एककात आहे, दुसरी बाइट या एककात. एकाच ओळीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन संख्यांची एकके निराळी असावीत, हे आज्ञावली रचणाऱ्यांना का सुचले असेल ते समजत नाही. ८००० ही स्विचने स्वीकारलेली किमान संख्या होती. कमीत कमी ठेवलेले बरे, इतकाच विचार मी केला होता.

आठ हजार बाइटचे गणित

आता या बादलीत परीक्षेच्या दिवशी काय घडले ते पाहू. गणित सुलभ व्हावे म्हणून प्रत्येक पॅकेट १५०० बाइटचे धरू. २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ लाख बाइट. बाहेरची जोडणी १०० एमबीपीएस असल्याने एक पॅकेट येण्यास ०.१२ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या अवधीत बादलीत ३०० टोकन पडतात. पॅकेट १५०० मागते, बादलीत ३०० पडतात. प्रत्येक पॅकेटमागे १२०० ची तूट.

बादली पूर्ण भरलेली असताना एकाच विद्यार्थ्याचे पान येऊ लागले असे समजू. पहिल्या पॅकेटपूर्वी ८००० टोकन, दुसऱ्यापूर्वी ६८००, तिसऱ्यापूर्वी ५६००, मग ४४००, ३२०० आणि सहाव्यापूर्वी २०००. सहावे पॅकेट गेले की ५०० उरतात, ३०० पडतात आणि सातव्यासाठी ८००. ते टाकले जाते. आठव्यासाठी ११००, टाकले जाते. नवव्यासाठी १४००, तेही टाकले जाते. दहाव्यासाठी १७००, ते जाते.

दहा हा आकडा यदृच्छया निवडलेला नाही. आरएफसी ६९२८ या २०१३ सालच्या दस्तऐवजानुसार टीसीपी जोडणी सुरू होताच, पलीकडून पोच येण्यापूर्वीच, दहा पॅकेटपर्यंत एका दमात पाठवण्याची मुभा आहे आणि आजचे सर्व्हर तिचा वापर करतात. म्हणजे संपूर्ण प्रयोगशाळेत एकच विद्यार्थी असता, जोडणी पूर्ण मोकळी असती, तरीही पहिल्या दहा पॅकेटपैकी तीन आमच्याच स्विचने टाकली असती. २० एमबीपीएसची मर्यादा ओलांडली म्हणून नव्हे. सरासरीने पाहता ती ओलांडली गेलेलीच नव्हती.

प्रत्यक्षात विद्यार्थी साठ होते आणि बादली एकच. प्रत्येकाची पहिली दहा पॅकेट एकाच वेळी आली असे टोकाचे चित्र घेतले तर ९ लाख बाइट येतात. १०० एमबीपीएस वेगाने त्यांना येण्यास ७२ मिलिसेकंद लागतात. त्या अवधीत १,८०,००० टोकन पडतात व बादलीतील ८००० मिळून १,८८,००० होतात. उरलेली सात लाखांहून अधिक बाइट, म्हणजे जवळजवळ चार पंचमांश वाहतूक, टाकली जाते. परीक्षेच्या 'प्रारंभ' बटणाइतका या टोकाच्या चित्राच्या जवळ जाणारा प्रसंग महाविद्यालयाच्या जीवनात दुसरा क्वचितच असेल.

जोडणी सुरू होतानाचे पॅकेट हरवले तर नुकसान अधिक होते. मधले पॅकेट हरवले असता मागून येणाऱ्या पॅकेटमुळे ते लवकर लक्षात येते. पण सर्व्हरने पाठवलेले जोडणी-स्वीकृतीचे पहिलेच पॅकेट हरवले तर त्यामागून काहीच येत नसते. फक्त वाट पाहणे उरते. आरएफसी ६२९८ नुसार ही पहिली प्रतीक्षा १ सेकंदाची असते आणि प्रत्येक अपयशानंतर ती दुप्पट होते : १, २, ४. तीनदा अपयश आले की सात सेकंद गेले. पाच-सात सेकंद पांढरा राहिलेला पडदा आणि 'वारंवार क्लिक करू नका' ही सूचना यांचा अर्थ मला या आकड्यांवरून उमगला. क्लिक करणाऱ्या मुलांचा यात काहीही दोष नव्हता.

हा केवळ आमच्या स्विचचा प्रश्न आहे असेही नाही. गूगलच्या सर्व्हरवरील २७० अब्ज पॅकेटच्या नोंदी तपासून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रदेशपरत्वे ७ टक्क्यांपर्यंत जोडण्या अशा नियंत्रणाखाली असल्याचे आणि तेथे पॅकेट हरवण्याचे प्रमाण सरासरी सहापट असल्याचे आढळले. अभ्यासकांनी नियंत्रणाऐवजी साठवणीचा व पॅकेट अंतराने सोडण्याचा पर्याय सुचवला आहे.

चाचणी का फसली?

राउटरच्या बाजूस एक संगणक आणि प्रयोगशाळेत दुसरा ठेवून आयपर्फ या साधनाने मी चाचणी घेतली होती. मात्र ती यूडीपी पद्धतीने, १९ एमबीपीएसच्या स्थिर प्रवाहाची होती. अशा प्रवाहात पॅकेट समान अंतराने येतात. प्रत्येक पॅकेटमागे बादलीत १५०० हून थोडी अधिक टोकन पडलेली असतात, बादली कधीच रिकामी होत नाही आणि एकही पॅकेट हरवत नाही. २१ एमबीपीएसचा प्रवाह सोडला तेव्हा पॅकेट हरवू लागली. मर्यादा चोख लागू झाली आहे, असा निष्कर्ष मी काढला. मर्यादेपुरता तो बरोबरच होता. खरी वाहतूक थेंबाथेंबाने येत नसून ओंजळीओंजळीने येते, हे मात्र चाचणीत कोठेच नव्हते. हीच चाचणी टीसीपीच्या पाच-दहा समांतर जोडण्या उघडून घेतली असती तर दोष त्याच दिवशी दिसला असता.

दोष शोधताना आणखी एका गोष्टीने दिशाभूल केली. दाराच्या नोंदींत सदोष फ्रेम शून्य होत्या. हे स्वाभाविक आहे. नियंत्रकाने टाकलेले पॅकेट सदोष नसते. उपरोल्लेखित जुन्या मालिकांत 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस' ही आज्ञा उपलब्ध दिसते, पण तिने दाखवलेल्या आकड्यांकडे दुर्लक्ष करावे असे उत्पादकाच्या पुस्तिकेतच नमूद आहे. योग्य आज्ञा 'शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस' हिला दाराचा क्रमांक व 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द जोडून तयार होते आणि तीत मर्यादेतील व मर्यादेबाहेरील वाहतुकीचे आकडे वेगळे मिळतात. ते आकडे पाहिल्यावर शंका उरत नाही.

बादली किती मोठी असावी?

एक ढोबळ नियम असा की, बादलीचे आकारमान निदान गती गुणिले फेरीचा काळ इतके असावे. दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास ५० मिलिसेकंद लागत असतील तर २५ लाख बाइट गुणिले ०.०५ म्हणजे १,२५,००० बाइट. आमची बादली याच्या पंधराव्या हिश्शाएवढी होती. सिस्कोने राउटरसाठी दिलेली शिफारस याहून सैल, दीड सेकंदाच्या वाहतुकीची आहे. त्या हिशेबाने ३७,५०,००० बाइट होतात. कॅटॅलिस्ट ३५६० मध्ये मात्र कमाल मर्यादा १०,००,००० बाइट आहे. साठ विद्यार्थ्यांच्या पहिल्या दहा पॅकेटचे ९ लाख बाइट तीत मावतात, हा योगायोग आम्हाला उपकारक ठरला.

मोठ्या बादलीने मर्यादेला हरताळ फासला जाईल, ही शंका समितीतील वाणिज्य विभागाच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी उपस्थित केली. शंका रास्त आहे. १० लाख बाइटची ओंजळ एकदाच मिळते. ती संपली की पुन्हा भरण्यास सेकंदाला २५ लाख या गतीने, वाहतूक पूर्ण थांबलेली असेल तरच, ०.४ सेकंद लागतात. मिनिटभराच्या हिशेबात १५ कोटी बाइटमध्ये १० लाखांची भर पडते, म्हणजे एक टक्काही नाही. सरासरी बिघडत नाही.

तथापि आकारमान वाढवणे हा अर्धा उपाय आहे. नियंत्रकाचा दुसरा दोष असा की, शेजारी रिकामे असले तरी तो कोणाला पुढे जाऊ देत नाही. रात्री दहानंतर कार्यालय, ग्रंथालय व प्रयोगशाळा बंद असतात. वसतिगृहातील मुली अभ्यासाची व्याख्याने पाहत असतात आणि १०० पैकी ८० एमबीपीएस निरुपयोगी पडून असतात. समान मर्यादा म्हणजे समान न्याय, हे आमचे गृहीतक येथे पुरते उघडे पडले. कालव्याच्या शेजपाळीत ज्याची पाळी त्याला पाणी मिळते. एखाद्याने पाळी घेतली नाही तर पाणी पुढच्याला जाते, ते कोणी ओढ्यात सोडून देत नाही. रांगांमधील फेरवाटप याच तत्त्वावर चालते. कॅटॅलिस्टच्या प्रत्येक दाराला बाहेर जाण्यासाठी चार रांगा असतात आणि त्यांना हिस्से नेमून देता येतात. 'शेअर्ड' पद्धतीत एका रांगेने न वापरलेला हिस्सा इतरांना मिळतो, 'शेप्ड' पद्धतीत मिळत नाही.

एक रांग तातडीची म्हणून राखता येते व ती रिकामी होईपर्यंत इतरांना वाट पाहावी लागते. म्हणूनच तीत फक्त ध्वनिसंभाषण ठेवावे. जी.७११ पद्धतीच्या एका संभाषणास प्रत्येक दिशेने सेकंदाला ५० पॅकेट आणि आयपी स्तरावर ८० किलोबिट प्रतिसेकंद इतकेच लागते. त्याला क्षमता फारशी नको असते, वेळ हवा असतो. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहावा, अशी जी.११४ ही आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते. प्राचार्यांच्या कक्षातील संपूर्ण वाहतूक या रांगेत घालावी, ही सूचना आमच्याकडेही आली होती. सुदैवाने ती प्राचार्यांनीच फेटाळली.

बदललेली मांडणी

जुन्या मालिकांतील स्विचवर वाहतूक-नियंत्रण फक्त आत येणाऱ्या दिशेने लावता येते. म्हणून राउटरकडून येणाऱ्या दारावर, पॅकेट कोणत्या विभागाकडे चालले आहे हे पाहून, वर्ग केले आहेत. परीक्षेची प्रयोगशाळा व कार्यालय यांवर आता कोणतीही मर्यादा नाही. वसतिगृह व वाय-फाय मिळून ६० एमबीपीएसची मर्यादा आणि १० लाख बाइटची बादली आहे, तीही केवळ महाविद्यालयाच्या वेळेत. ही मर्यादा एकूण क्षमतेहून पुरेशी खाली असल्याने सेवापुरवठादाराकडील रांग फुगत नाही आणि परीक्षेच्या वाहतुकीला वाट राहते. सायंकाळी मर्यादा काढण्याचे काम पूर्वी प्रयोगशाळा सहायक हाताने करीत. आता ते वेळापत्रकानुसार चालणाऱ्या लहानशा आज्ञावलीकडे सोपवले आहे.

बाहेर जाणाऱ्या दिशेने, १ जीबीपीएसच्या दारावर 'एसआरआर-क्यू बँडविड्थ लिमिट १०' ही आज्ञा दिली असता दाराचा वेग सुमारे १०० एमबीपीएस होतो. यंत्र हा आकडा तंतोतंत पाळत नाही, पण त्यामुळे रांग आमच्या स्विचमध्ये येते आणि चार रांगांच्या मांडणीला प्रथमच काही काम मिळते.

हे सारे करताना सहकाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : हे नेट-न्यूट्रॅलिटीच्या विरुद्ध नाही काय? ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने जारी केलेल्या विनियमाने आशयावर आधारित भेदभावपूर्ण दर आकारण्यास सेवापुरवठादारांना मनाई केली. तो संबंध सेवापुरवठादार व ग्राहक यांमधील आहे. संस्थेने आपल्या अंतर्गत जाळ्यात लावलेली शिस्त त्याच्या कक्षेत येत नाही. तरीही प्रश्नामागील अस्वस्थता खरी आहे. ६० एमबीपीएसची मर्यादा सोसतात त्या वसतिगृहातील मुलींचा संगणक समितीवर एकही प्रतिनिधी नव्हता. या वर्षीपासून एक आहे.

वाय-फायचा प्रश्न मात्र या मांडणीने सुटलेला नाही. हवेतील माध्यम सामायिक असते, एका वेळी एकच उपकरण बोलू शकते आणि तेथील रांग स्विचमध्ये नसून ॲक्सेस पॉइंटमध्ये व विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनींत असते. वाय-फायमधील चार प्रवेश-वर्ग आणि डीएससीपीची मूल्ये यांची सांगड कशी घालावी याचे मार्गदर्शन आरएफसी ८३२५ या २०१८ सालच्या दस्तऐवजात आहे; आमच्या ॲक्सेस पॉइंटवर ती अद्याप करावयाची आहे.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेस महाविद्यालयाने लेखी पत्र पाठवले. दोष आमच्या स्विचवरील मांडणीचा होता, परीक्षार्थींचा नव्हता, असे त्यात स्पष्ट लिहिले व स्विचवरील मर्यादेबाहेरील वाहतुकीचे आकडे जोडले. साठपैकी ज्यांनी लेखी तक्रार केली होती त्यांना पुन्हा परीक्षेस बसण्याची संधी मिळाली. ज्यांनी तक्रार केली नाही त्यांना ती मिळाली नाही. त्यांतील काहींनी, आपलाच वेग कमी पडला असे समजून तक्रार केली नव्हती. स्विचवरील प्रत्येक बदलाची तारीख, बदललेली ओळ, तिचे कारण आणि टीसीपीच्या समांतर जोडण्यांनी घेतलेल्या चाचणीचा निकाल आता एका नोंदवहीत लिहिला जातो. परीक्षेच्या आदल्या दिवशी साठही संगणकांवर एकाच वेळी पान उघडून पाहिले जाते आणि त्यावर केंद्रप्रमुखांची स्वाक्षरी घेतली जाते.